गुरगुरी

आवाज तिला आधी ऐकू आलाच नाही. तो पायांना कळला. स्वयंपाकघरात ती अनवाणी उभी होती. भांड्याशेजारी सांडलेलं पाणी पुसायला हातात ओलं फडकं घेऊन वाकली आणि फरशीतून काहीतरी बारीक थरथरत टाचांत शिरलं. फ्रिज सुरू झाला असेल असं वाटलं. मग तिनं मान वर केली. बटण, त्यांचं कुत्र्याचं पिल्लू, भांड्यावर मान रोवून उभी होती. खात नव्हती. सकाळी घातलेले दाणे तसेच होते, फुगून मऊ झालेले. त्यावर नवऱ्यानं लाडानं किसलेलं चीज घामेजून पिवळं पडलं होतं. तोंड न लावलेल्या त्या खाण्यावर ते एवढंसं जनावर धनावर नाग पहाऱ्याला बसावा तसं उभं होतं. पाय ताठ, शेपूट ताठ, डोळ्याच्या कडेला पांढरी कोर. वरचा ओठ एका बाजूनं सुरकुतत वर गेला होता. आणि तिनं, लोकांच्या कवळ्या करण्यात आयुष्य गेलेल्या बाईनं, घाबरायच्या आधी पाहिलं ते हे, की वर डाव्या बाजूला एका जागी दोन सुळे आहेत. एक दुधाचा, सुईसारखा. त्याला खेटून पक्का. मधे हिरडी लालभडक.

मग राग आला. आला कसला, तयारच होता. दाराआड उभा असल्यासारखा. तिच्या जिभेवर अख्खं वाक्य येऊन बसलं: ज्या हातचं खातेस त्याच हातावर गुरगुरतेस? एवढं गुळगुळीत, एवढं वापरलेलं वाक्य. तिनं आयुष्यात ते कधी कुणाला म्हटलं नव्हतं. ते तिचं नव्हतंच. ते ऐकून ऐकून तिच्या तोंडात कुणीतरी बसवलेलं होतं, कवळीसारखं. मापाचं, घट्ट, परक्या माणसानं केलेलं. तिनं फडकं मुठीत आवळलं. पाणी बोटांमधून ठिबकून पुन्हा फरशीवर पडलं.

"काय गं, लिफ्ट अडकली की काय?" नवऱ्यानं बाहेरून विचारलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि घरातली कुठलीही शांतता त्याला दोन मजल्यांमधे अडकलेली वाटायची.

"काही नाही."

"काही नाही कसं? मी ऐकलं," असं म्हणत वडील दारात आले. उभे राहिले. पाय किंचित फाकून, हात मागे बांधून. नोकरीत असताना दुकानादुकानांतले तराजू तपासत फिरायचे ते, तेव्हापासूनची ही उभं राहण्याची पद्धत. आई गेल्यापासून ते तिच्याकडे राहत होते, पण दारात उभे राहिले की घर त्यांचं व्हायचं. "गुरगुरली ना? भांडं काढून घे. आत्ताच्या आत्ता. आज गुरगुरली, उद्या बोट तोडेल. हात घालायचा भांड्यात, रोज, ती खात असताना. उचलायचं, थांबायचं, गप्प राहिली तर परत द्यायचं. म्हणजे कळतं, अन्न कुणाचं ते."

तिचा नेम होता. रोज सकाळी दिवा लावून झाला की त्याच्यापुढे हात जोडून ती मनात एवढंच म्हणायची, आज घरात आवाज चढवणार नाही. आई गेली त्या आठवड्यात हा नेम तिनं धरला, कारण आईचं तिला आठवणारं शेवटचं धड वाक्य तेच होतं. 'आवाज चढवू नकोस बाई, घर मोडतं.' तेव्हापासून एक दिवस चुकला नव्हता. ताप असतानाही अंथरुणात बसून तिनं ते म्हटलं होतं. आवाज चढला नव्हता. घर मोडलं नव्हतं. फक्त जेवताना जबड्याचा सांधा दुखायचा, कानापाशी, आणि दातांच्या डॉक्टरनं तिला सांगितलं होतं की तुम्ही झोपेत दात खाता. स्वतःच्याच कामावर ती हसली होती तेव्हा. दुसऱ्यांना दात करून द्यायचे आणि आपले खायचे.

'हात घालायचा भांड्यात.' त्या वाक्याबरोबर जुनं टेबल आलं. त्यावरचा मेणकापडाचा निळा चौकटींचा तुकडा, कोपऱ्यात सुरीनं कापला गेलेला. तिची खुर्ची, जिच्यावर उशी ठेवल्याशिवाय हनुवटी ताटाच्या वर येत नसे. रोज रात्री, जेवण अर्ध्यावर आलं की वडील हात पुढे करायचे. शांतपणे. रागावून नव्हे, रागावले असते तर बरं झालं असतं. पहिल्यांदा दादाचं ताट उचलायचे. दादा हात मांडीवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघायचा, दगडासारखा. ताट परत. "शाबास. भूक ताब्यात हवी. जो भुकेचा नोकर तो जगाचा नोकर." मग तिचं. तिला माहीत असायचं, आता तिचं येणार. त्यामुळे पहिल्या घासापासूनच घास घशाखाली उतरत नसे. अंड्याचा बलक ती शेवटी खायला ठेवायची, पिवळा, गोल, ताटाच्या पलीकडच्या कडेला; आणि वडिलांचा हात नेमका तिकडून यायचा. तिचा डावा हात आपोआप ताटाभोवती वळायचा. आणि घशातून तो आवाज यायचा. तिनं काढलेला नसायचा तो. यायचा. एकदा आला, आणि टेबल फुटेल असं सगळे हसले. "अरे, ही गुरगुरते!" वडील म्हणाले, "गुरगुरी!" आणि बलक त्यांच्या तोंडात गेला.

नाव पडलं. नाव पडल्यावर खेळ झाला. पाहुणे आले की जेवताना वडील म्हणायचे, "हिच्या ताटाला हात लावून बघा जरा." काका लावायचे. ऑफिसमधले साहेब लावायचे. एकदा कोण कुठली अनोळखी बाई, बांगड्या वाजवत, "बघू बघू, कशी गं करतेस?" म्हणत. आणि ती करायची. तिला वाटायचं आता नाही करायचं, दादासारखं भिंतीकडे बघायचं, पण हात आला की पोटातून काहीतरी वर यायचंच. ते हसायचे. डोळे पुसत हसायचे. आई हसायची नाही, पण ती काही बोलायचीही नाही. ती उठून उगाच मीठ आणायला जायची. टेबलावर मीठ असायचंच.

मग तिनं जेवणच सोडलं. म्हणजे उपास नव्हे. नुसतं ताटासमोर बसून राहायची. जे खाल्लंच नाही ते काढून कोण काय घेणार? तेव्हा घरात नवा शब्द आला, नखरे. "हिचे नखरे फार." दुपारी वडील कामावर गेले की आई अंगणात तिच्यामागे वाटी घेऊन फिरायची, एक घास चिऊचा, एक घास काऊचा. चिऊकाऊच्या नावानं ती जगली. चिऊकाऊच्या घासांना ताट नव्हतं, म्हणून ते उचलताही येत नव्हतं.

"ऐकतेस का?" वडील म्हणाले. "भांडं काढ."

"तिचा दात दुखतोय," ती म्हणाली.

"दात! तुला जिकडेतिकडे दातच दिसतात."

नवरा हसला. त्यालाही हसायला काही नव्हतं, पण तो असल्या वेळी हसायचा, तेल घातल्यासारखं. तिनं भांड्याला हात लावला नाही. फडकं बेसिनमधे टाकलं आणि बाहेर गेली. मागे बटण अजून उभी होती, न खाल्लेल्या खाण्यावर पहारा देत, आणि तिला त्या पाठीचा, त्या ताठ केसांच्या रेघेचा असा काही संताप आला, की त्याला नाव देता येईना. खा ना मग. खा, नाहीतर सोड. दोन्ही करून कशाला दाखवतेस मला?

तिच्या कामाच्या जागेला प्रयोगशाळा म्हणायची सगळी, पण ती एक लांबट खोली होती, प्लास्टरच्या धुळीनं सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या करणारी. दातांचे डॉक्टर मेणाच्या पट्ट्यांवर पेशंटांचे चावे घेऊन पाठवायचे. ती ते चावे दिव्याखाली धरायची. मेणात उमटलेला चावा खोटं बोलत नाही. कोण एका बाजूनं चावतो, कोण आवळून, कोण चोरून, घाबरून, जेमतेम टेकवून. माणूस कधी न बघता तिला कळायचं की हा जेवताना घाई करतो, याच्या घरात कुणीतरी वाट बघत उभं असतं. वडिलांची कवळीही तिनंच केली होती, दोन वर्षांमागे. इतकी निगुतीनं तिनं दुसऱ्या कुणाची केली नव्हती. सुळ्यांना किंचित पिवळी झाक दिली, एक दात मुद्दाम तिरका बसवला, त्यांच्या जुन्या दातासारखा. तेव्हा तिला ते प्रेम वाटलं होतं. आज मेण वितळवताना तिला वाटलं, प्रेम कसलं, मी माझ्या हातानं त्यांना पुन्हा दात दिले. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं म्हणतात. इथे दोन्ही त्यांच्याकडे होतं आणि दोन्ही माझ्याकडून गेलेलं. चमचा ज्योतीत जास्त वेळ राहिला. मेण जळलं.

"कुणाला जाळतेस?" शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं विचारलं. ती कवळ्यांना पॉलिश करायची आणि दिवसभर बोलायची, मशीनच्या आवाजावर आवाज टाकून.

तिनं सांगितलं. पिल्लू, भांडं, दोन सुळे, वडील. टेबल सांगितलं नाही.

"भांड्यात हात घाला म्हणतात?" मैत्रीण म्हणाली. "माझा सासरा पण तेच म्हणायचा. मी म्हटलं, मामंजी, आधी तुमच्या ताटात घालून बघते, जमलं तर कुत्र्याच्या घालू."

"खरंच म्हणालीस?"

"मनात गं. मनात मी फार शूर आहे." आणि ती खदखदून हसली. तीही हसली. पण ते वाक्य मेणात दाबल्यासारखं आत कुठेतरी उमटून राहिलं.

प्राण्यांची डॉक्टरीण ठेंगणी, गोल, बोलायला तुटक होती. बटणचा ओठ तिनं अंगठ्यानं वर केला आणि म्हणाली, "बरोबर पाहिलंत. दुधाचा पडलाच नाही. पक्क्याला जागा नाही, त्यामुळे चावलं की टोचतं. हा काढू." मग तिनं विचारलं, खात नाही तेव्हा काय करता? आणि ती सांगू लागली तसं तिचं तिलाच ऐकवेना. खाल्लं नाही की चीज. चीज चाटलं आणि दाणे टाकले की चिकनचा रस्सा. मग नवरा जमिनीवर पालथा पडून हातानं भरवतो. मग वडील येतात, आणि म्हणतात काढा.

"म्हणजे एकजण विनवण्या करतो आणि एकजण धमकी देतो," डॉक्टरीण म्हणाली. "तिनं जेवायचं कधी?"

खोलीत औषधाचा वास होता. टेबलावरचं पत्र्याचं भांडं गार होतं. तिनं उगाच त्यावर बोट ठेवलं.

"हे बघा. खाणं ठरलेल्या वेळी ठेवायचं. पाव तास. कुणी समोर बसायचं नाही. ती स्वतः बाजूला झाली की मग गुपचूप उचलायचं, रागवायचं नाही, लाडीगोडी नाही, वर काही पेरायचं नाही. पुढच्या वेळेपर्यंत काही नाही. निरोगी पिल्लू उपाशी मरत नाही. आणि खात असताना हात घालायचा नाही. कधीच नाही. जवळून जायचं झालं तर भांड्यात असेल त्याहून चांगला तुकडा लांबून टाकायचा आणि निघून जायचं. मागे वळून बघायचं नाही. तिला कळलं पाहिजे की माणूस येतो तो काढायला नाही, घालायला येतो."

"आणि गुरगुरली तर? वडील म्हणतात, तेव्हाच दम द्यायला हवा, नाहीतर..."

"गुरगुरणं म्हणजे सांगणं," डॉक्टरीण म्हणाली, कापूस शोधत. "ते बंद केलंत, तर ती न सांगता चावेल."

घरी येताना बटण मांडीवर, गुंगीत, जीभ बाहेर. दुधाचा दात तिनं रुमालात मागून घेतला होता. तांदळाच्या दाण्याएवढा. बसच्या काचेवर डोकं टेकून ती बसली आणि तिला कळेना की राग एवढा का वाढतोय; उत्तर मिळालं की राग उतरायला हवा ना? पण तो चढत होता, मजल्यामागून मजला. न सांगता चावेल. म्हणजे जी गुरगुरते ती भली. जी गप्प झाली तिला भ्यावं. आणि तिला स्वतःला शाबासकी मिळाली होती ती गप्प झाल्यावर. शाळेत, सासरी, सगळीकडे: काय गोड स्वभाव, आवाज म्हणून नाही. दादा, जो भिंतीकडे बघायचा, तो आता परगावी राहतो आणि आठवड्यातून एकदा फोनवर वडिलांशी हवापाण्याचं बोलतो. त्याची बायको एकदा सहज म्हणाली होती, हे जेवताना दार लावून घेतात. ती तेव्हा हसली होती. चुकून.

पाव तासाचा नियम सुरू झाला. पहिल्या दिवशी बटणनं भांड्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग पुन्हा भांड्याकडे. नवरा दारात उभा, डोळ्यांत पाणी. "अगं, एवढंसं पोट. एक घास चिऊचा फक्त."

"नाही."

"एक काऊचा?"

"बाहेर जा," ती म्हणाली, हळूच. तो गेला, जाताना दारावर डोकं आपटून घेतल्याचं नाटक करून गेला. संध्याकाळी बटणनं चार दाणे खाल्ले, दुसऱ्या दिवशी अर्धं भांडं. हिरडी भरून आली. ती लांबून जायची, चिकनचा तुकडा टाकायची, निघून जायची. पहिल्यांदा तुकडा पडला तेव्हा बटण दचकून आणखीनच भांड्यावर वाकली. काही दिवसांनी तिनं मान वर केली. मग शेपूट हललं, एकदाच, चुकून हलल्यासारखं. मागे वळून बघायचं नव्हतं, पण ओव्हनच्या काचेत तिनं ते पाहिलं आणि तिला रडू येईल असं वाटलं, आणि रडू आलं नाही, राग आला. किती सोपं होतं. एवढंच करायचं होतं. एक तुकडा आणि पाठ. अख्ख्या लहानपणात हे कुणालाही सुचलं नाही? की सुचलं होतं आणि त्यात हसायला काही नव्हतं?

वडील हे सगळं बघत होते. "तमाशा," म्हणायचे. "कुत्र्याला पाहुण्यासारखं वाढायचं आणि आपण चोरासारखं पळायचं." जेवताना ते तिच्या हातचं सूप बाजूला सारायचे, पावाच्या कडा काढायचे, बटाटे चिरडून बघायचे, कवळीला झेपेल का. "मीठ कमी. परवाचं बरं होतं. अंडं जास्त उकडलंस." ती दुसरं करून द्यायची. नखरे हा शब्द त्यांच्याबाबतीत कुणी वापरत नव्हतं. म्हाताऱ्या माणसाची ती आवड होती. आणि नवरा, बिचारा नवरा, ज्याला ती खरोखर बिचारा मानायची, तो रोज जेवताना तिच्या ताटातला तो तुकडा उचलायचा. करपलेल्या कडेचा बटाटा, किंवा पावाचा कुरकुरीत टोकाचा भाग, जे काही ती शेवटी खायला म्हणून पलीकडच्या कडेला ठेवायची ते. "तुझ्या ताटातलं गोड लागतं," म्हणायचा. लग्नाच्या पहिल्या दिवसापासून. ती हसायची. उजव्या कानाखाली सांधा कट् वाजायचा, इतका बारीक, की टेबलावर तिच्याशिवाय कुणाला ऐकू येत नसे.

सुट्टीची दुपार होती. ती गच्चीत कपडे वाळत घालत होती, तोंडात चिमटे. खालून भांडं फरशीवर घासल्याचा आवाज आला, मग एक लहानसा, चिरका, आणि मग वडिलांचा. ती धावली. वडील स्वयंपाकघरात खुर्चीचा आधार घेऊन वाकलेले. उजव्या हाताच्या पाठीवर साल निघालं होतं, रक्ताचा एक ठिपका. भांडं उपडं. बटण टेबलाखाली, अंग जमिनीला चिकटलेलं.

"काय केलंत?" तिनं विचारलं. तोंडात अजून एक चिमटा होता.

"काय केलंत म्हणजे? मी केलं? ती चावली!"

"हात घातलात?"

"घातला. दाखवायला नको कुणीतरी? आणि तुमची ती पंडिता सांगते ना गुरगुरते म्हणून, गुरगुरली नाही. एकदम. काही न सांगता."

तिनं चिमटा काढला. "याआधी कधी घातला होतात?"

वडिलांनी उपड्या भांड्याकडे पाहिलं.

"बाबा. रोज घालत होतात? मी कामावर गेल्यावर?"

"गुरगुरायची बंद केली होती मी तिला," वडील म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात, त्या रक्तातही, थोडा अभिमान होता.

नवऱ्यानं जखम धुतली, पट्टी लावली. वडील दिवाणखान्यात बसून मोठ्यानं बोलत होते, भिंतींना ऐकू जाईल असं. एक तर ते जनावर या घरात राहील नाहीतर मी. उद्या सकाळी मला ते दिसता कामा नये. नवरा स्वयंपाकघरात आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "माझ्या साहेबाचा मळा आहे गावाबाहेर. तिथे सोडू या. मोकळी राहील. जेवून झालं की मी नेतो."

"साखळीला बांधतील."

"बांधतील. पण बाबांना कुठे नेऊ?"

ती स्वयंपाक करू लागली. अंडी उकळत होती, एकमेकांवर आपटत. ते टकटक ऐकत ती बटाटे चिरत होती आणि तिला स्वतःच्या हातांचं नवल वाटलं, किती नीट चिरतात, किती सारखे. शेपूट नसलेल्या माणसांचं हे बरं असतं, कुणाला काही दिसत नाही. टेबलाखालून बटण तिच्या घोट्याला नाक लावून पडली होती, गार, ओलं. जेवून झालं की नेतो. भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये, वैऱ्यालासुद्धा नाही, हे तिला कुणी शिकवलं? वडिलांनी. दर वेळी कुणी पाहुणा उठू लागला की ते म्हणायचे. वैऱ्याला नाही. मुलीला चालतं.

तिनं वाढलं. वडील जेवू लागले. डाव्या हातानं, पट्टीचा हात मांडीवर, चमचा कवळीवर आपटत. अंड्याचा पांढरा भाग त्यांनी आधी खाल्ला. बलक बाजूला ठेवला, ताटाच्या पलीकडच्या कडेला. तिनं ते पाहिलं. इतकी वर्षं समोर बसून ती हे पहिल्यांदा पाहत होती: तेही शेवटी खायला ठेवत होते.

ती उठली. टेबलाला वळसा घालून त्यांच्या बाजूला गेली, आणि त्यांचं ताट उचललं.

चमचा हवेत राहिला. वडिलांचा पट्टीचा हात मांडीवरून वर आला आणि ताट होतं त्या जागेभोवती वळला, रिकाम्या टेबलाभोवती. कान लाल झाले. ओठ एका बाजूनं वर गेला, तिनं घडवलेला तिरका दात दिसला, आणि त्यांच्या घशातून काहीतरी आलं. शब्द नव्हता.

"अगं, काय करतेस?" नवरा म्हणाला.

"परत देणार आहे," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "नुसतं बघतेय. गप्प राहतात का ते. हसा ना, बाबा. यात हसायचं असतं."

"भरल्या ताटावरून..." वडील म्हणाले. "बापाला..."

"माझं उचलायचात, माझे दुधाचे दात पडले नव्हते तेव्हा."

नळाची एक धार बेसिनमधे पडत होती. वडील तिच्याकडे बघत नव्हते, ताटाकडे बघत होते, तिच्या हातातल्या. डोळ्याच्या कडेला पांढरी कोर. तिला वाटलं होतं, हे केलं की आत काहीतरी निवेल. काही निवलं नाही. नुसतं दिसलं, की ते म्हातारे आहेत आणि भुकेले आहेत, आणि त्यांचं ताट जर कुणी लहानपणी उचललं असेल तर ते त्यांनी कधी कुणाला सांगितलेलं नाही. त्याचाही तिला राग आला. सांगायला काय झालं होतं? एवढी माणसं एका टेबलाशी बसून, पिढ्यानुपिढ्या न सांगता चावत राहिली.

तिनं ताट खाली ठेवलं, होतं तिथेच. मग आपल्या ताटातला बलक चमच्यानं उचलून त्यांच्या बलकाशेजारी ठेवला. प्रेमानं नव्हे. डॉक्टरणीनं सांगितलं होतं तसं. आणि वळून आपल्या जागेवर आली, मागे न बघता.

"बटण इथेच राहील," ती म्हणाली. "जेवण झाल्यावर कुणी कुठे नेणार नाही. तिचं भांडं यापुढे माझ्या खोलीत, दार लावून. त्यात हात घालायचा नाही, कुणीच नाही. तुम्हाला दादाकडे जायचं असेल तर मी बॅग भरून देईन, बाबा. राहायचं असेल तर राहा. तुमच्याही ताटाला यापुढे इथे कुणी हात लावणार नाही."

वडिलांचा चमचा खाली आला. कवळीचा टकटक आवाज सुरू झाला, सावकाश. बलक दोन्ही होते. पहिला त्यांनी लगेच खाल्ला.

नवऱ्यानं सुटकेचा श्वास टाकला. त्याला वाटलं, लिफ्ट सुटली. "चला, जेव आता, गार झालं तुझं," तो म्हणाला, आणि त्याचा हात, चांगला, प्रेमळ, तेलाच्या काळ्या रेघा नखांत राहिलेला त्याचा हात, टेबलावरून तिच्या ताटाच्या पलीकडच्या कडेकडे आला, जिथे करपलेल्या कडेचा बटाटा होता.

तिचा डावा हात ताटाभोवती वळला. आणि तो आवाज आला. इतक्या वर्षांनी, त्याच जागेवरून, पोटाच्या तळातून, फरशीला कळेल एवढा बारीक. टेबलाखाली बटणनं मान वर केली.

नवऱ्याचा हात थांबला. मागे गेला. तो हसला नाही. "काय झालं?" त्यानं विचारलं.

आवाज चढला नव्हता. उतरला होता, जितका उतरता येईल तितका. नेम मोडला नव्हता. तिनं तो बटाटा उचलला, तोंडात टाकला, आणि करपलेली कड दातांखाली कुरकुरेपर्यंत सावकाश चावला.

"काही नाही," ती म्हणाली. "सांगितलं."